मेंढा-लेखाचं जंगल आणि आमची इमारत: 'आपल्या लोकांचा' हक्क येतो कुठून?

मुग्धा_ठाणे (धागाकर्ती) · सोमवार, रात्री १०:४२

आमची इमारत ठाण्यातली. चार मजले, लिफ्ट नाही, पावसाळ्यात जिन्यात बादल्या. बत्तीस बिऱ्हाडं, सगळी मराठी, तीही ठरवून नव्हे, आपसूक झालेली. आता रीडेव्हलपमेंटला निघालीय. जुन्या सभासदांना घरं देऊन वरचे मजले बिल्डर विकणार.

मागच्या रविवारच्या सभेत एका काकांनी मुद्दा काढला: विक्रीचे फ्लॅट फक्त मराठी माणसालाच द्यायचे, अशी अट करारात घाला. निमित्त ताजं होतं. त्यांच्या मुलाला जवळच्या एका टॉवरमध्ये भाड्याने घर हवं होतं. एजंटने फोनवरच विचारलं, "नॉनव्हेज खाता का?" यांनी खरं सांगितलं. पुढे एजंटने फोन उचलला नाही.

सभेत टाळ्या पडल्या. मी उठून म्हटलं, त्यांनी केलं तेच आपण कशाला करायचं? तर काका (बँकेतून निवृत्त, वाचन दांडगं) म्हणाले, "मुग्धा, गणपतीत तू गडचिरोलीतल्या त्या मेंढा-लेखाचं कौतुक करत होतीस ना? ते गाव म्हणतं आमच्या जंगलातला बांबू आम्हाला विचारल्याशिवाय तोडायचा नाही, तर ते स्वशासन. आम्ही म्हणतो आमच्या इमारतीत आमची माणसं, तर तो कोतेपणा. फरक सांग."

मला उत्तर सुचलं नाही. त्या विचारात घरी येऊन भाजी जाळली.

तर प्रश्न असा: माणसाला हक्क असतो हे कळतं. गटाला हक्क असतो म्हणजे नक्की काय? आणि असला तर त्या गावाला का आणि आमच्या बत्तीस बिऱ्हाडांना का नाही? कायदा काय म्हणतो तेही सांगा, पण मला मुख्यतः बरोबर काय ते हवंय. पुढची सभा पंधरा दिवसांनी आहे.

कोरडा_ठणठणीत · सोमवार, रात्री १०:५५

काकांना साष्टांग दंडवत. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

निवृत्त_नोटरी · मंगळवार, सकाळी ७:१०

कायद्याचं आधी उरकून घेऊ. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सांगितलं की सभासदत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध आहे. कुणाला सोबत घेऊन संस्था काढायची हे ठरवणं संघटना-स्वातंत्र्यात बसतं, आणि मूलभूत हक्क बजावायचे ते मुख्यतः सरकारविरुद्ध, खाजगी सहकारी संस्थेविरुद्ध नव्हे, असा एकूण सूर.

पण तो निकाल गुजरातच्या सहकार कायद्यावरचा, आणि ती संस्था मुळातच पारशांसाठी काढलेली. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याचं कलम २३ आहे: पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. तुमची संस्था 'मराठी माणसांसाठी' म्हणून नोंदली होती का? नसेल तर आता शेपूट जोडून ते निबंधकांकडून मंजूर करून घेणं अवघड.

बाकी ताई म्हणतात ते खरं. वैध आणि योग्य हे दोन वेगळे डबे आहेत. माझी सनद पहिल्या डब्यापुरती.

आगाऊ_कार्टं · मंगळवार, सकाळी ९:०२

म्हणजे संस्था काढतानाच कागदावर लिहून ठेवलं असतं तर चाललं असतं? वा. भांडण वेळेत करायला हवं होतं पूर्वजांनी.

तिरफळ · मंगळवार, सकाळी ११:३८

थोडं अवांतर, पण विषयाशी नातं आहे. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी, १९१५, आशियातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतात. ती कुणी काढली? श्रीपाद सुब्राव तल्मकींनी, कानडा सारस्वतांसाठी. म्हणजे ज्या सहकाराच्या नावाने तुम्ही 'सर्वांना खुलं' म्हणताय, मुंबईतली त्याची पहिली वीट जातीच्याच भट्टीतून आली.

आणि आमचे गोंयकार! धोबी तलावला जेर महालात आजही कूड आहेत, म्हणजे गोव्याच्या गावकऱ्यांची मुंबईतली वसतिगृहं. एकेका गावाचा एकेक. बोटीवर जाणारा खलाशी दोन बोटींच्या मधले दिवस तिथे पेटीवर डोकं ठेवून काढायचा. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची. दुसऱ्या गावच्या माणसाला तिथे जागा नाही. मी लहानपणी एका काकांना भेटायला गेले होते, भिंतीला लागून ओळीने ट्रंका, वर आल्तार, आणि वास सगळा सुक्या बांगड्याचा. त्या कूडला कुणी संकुचित म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडले असते.

का, ते मात्र मला अजून नीट सांगता येत नाही.

पाखाडी · मंगळवार, दुपारी २:२०

तिरफळ, तुम्हाला सांगता येत नाही ते मी सांगून बघतो. कूड बांधला तो कुणाला बाहेर ठेवायला नव्हे. बाहेर राहिलेल्यांनीच तो बांधला होता. लालबागला आमच्या गावकीचीही खोली होती. माझे वडील गिरणीत लागले तेव्हा आठ वर्षं त्या खोलीत झोपले, पाळ्या लावून, एकाच वळकटीवर तिघं. त्या खोलीने आमचं घर उभं केलं.

आता त्याच गावकीची दुसरी बाजू. रायगडातलं माझं आजोळ, गावाचं नाव नको. मामाने जमिनीच्या एका वादात मानकऱ्यांच्या विरुद्ध साक्ष दिली. खरी साक्ष. बैठक बसली, दंड ठोठावला, मामाने भरला नाही. वाळीत टाकलं. शिमग्याला पालखी गावभर फिरली, आमच्या दारावरून सरळ पुढे गेली. मामी पंचारती घेऊन उंबऱ्यात उभी होती, ती तशीच आत आली. पिठाची गिरण बंद, दुकान बंद. जो बोलेल त्यालाही दंड. आजी गेली तेव्हा खांदा द्यायला आम्ही मुंबईहून गाडी करून चार जण नेले.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये केला, जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामाला तो उशिरा मिळाला. गावकीचं तेव्हा म्हणणं काय होतं माहितेय? "आमच्या परंपरेत बाहेरच्यांनी पडू नये." काकांच्या भाषेत: आमच्या गावात आमचा हक्क.

खोली देणारी गावकी तीच, पालखी पुढे नेणारीही तीच. माणसं सुद्धा तीच.

सुगरणीचा_खोपा · मंगळवार, दुपारी २:५१

पंचारतीचं वाचून गलबललं. बाकी काही लिहायला सुचत नाही.

खडूस_आजोबा · मंगळवार, संध्याकाळी ६:१५

पाखाडी यांनी माझं काम केलं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेब काय म्हणाले ते शोधून वाचा. मसुद्याने गावाला टाकून व्यक्तीला एकक धरलं याचा मला आनंद आहे, असा त्याचा अर्थ. ग्रामराज्याचे गोडवे गाणारे समोरच बसले होते आणि त्यांच्यासमोर त्यांनी गावाला संकुचितपणाचं डबकं म्हटलं. गावाबाहेर कोण राहतं हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

तेव्हा माझं मत साधं. हक्क माणसाला. गट म्हणजे माणसांची बेरीज. बेरजेला वेगळे हक्क द्यायला लागलात की ज्याच्या हातात पेन्सिल तो बेरीज करतो. मेंढा-लेखाही नको आणि मुग्धाची इमारतही नको.

वैनगंगा · मंगळवार, रात्री ९:४७

आजोबा, जरा थांबा. गडचिरोलीत वनहक्काच्या दाव्यांच्या कामात माझी काही वर्षं गेली. 'मेंढा-लेखा' हा शब्द आता शहरात तोंडी लावायला वापरतात, म्हणून थोडं सविस्तर.

धानोरा तालुका. गोंड वस्तीचं लहान गाव. वनहक्क कायदा २००६ चा, त्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत हे गाव, २००९ मध्ये, सुमारे १,८०० हेक्टर. तरी बांबू 'गौण वनोपज' (म्हणजे गावाला गोळा करून विकता येईल असा जंगलाचा माल) आहे की नाही यावर वनखात्याशी वाद चालूच होता. कायद्यात स्वच्छ लिहिलंय की आहे, पण वाहतूक परवाना देणार कोण? २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात गेलं. एका पावती-पुस्तकासाठी एवढा झगडा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना माहीत असते, पावती-पुस्तकाची गोष्ट कुणाला माहीत नसते.

आता काकांची तुलना. पहिली गोष्ट, हा हक्क गावाला विकता येत नाही. कायद्यातच आहे: वारशाने जातो, पण हस्तांतर नाही. तुमचे काका उद्या फ्लॅट विकून पुण्याला जातील आणि अट मागे ठेवून जातील.

दुसरी, आणि मला महत्त्वाची वाटते ती. तिथे 'गाव' म्हणजे कोण? ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे प्रौढ. गोंड असण्याची अट नाही. बाहेरून लग्न होऊन आलेली सून पहिल्याच सभेत हात वर करून नको म्हणू शकते. हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका नसतील तर नियमाप्रमाणे गणपूर्तीच होत नाही. मेंढ्यात तर बहुमतानेही ठरवत नाहीत, सर्वसहमती लागते. एक जण अडला तर सभा पुन्हा. मी अशा सभांना बसलेय, पाठ मोडते. पण पाखाडींच्या मामाला वाळीत टाकायला अशी सभा लागली असती तर ते अडवायला मामाचं एकट्याचं मत पुरलं असतं.

तिसरी: बाहेरचा माणूस बांबूविना मरत नाही. घराविना माणूस रस्त्यावर येतो.

निवृत्त_नोटरी · मंगळवार, रात्री १०:३०

> गोंड असण्याची अट नाही

ग्रामसभेला नाही, पण हक्काच्या दाव्याला फरक पडतो ना? अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की झालं. इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. शेजारी राहणाऱ्या ढिवराने तो कागद आणायचा कुठून? तेव्हा 'रक्त नव्हे, वस्ती' हे पूर्ण खरं नाही.

वैनगंगा · मंगळवार, रात्री १०:४४

मान्य. तो काटा आहेच. ७५ वर्षांच्या पुराव्यापायी नाकारलेले दावे मी स्वतः हाताळलेत. शेजारच्या घराला पट्टा आणि याला नोटीस, अशीही घरं बघितलीत.

मास्तर · बुधवार, सकाळी ८:०५

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही. विल किमलिका नावाचे कॅनडाचे विचारवंत आहेत, त्यांनी एक उपयोगी भेद केलाय. गट बाहेरच्या ताकदीपासून स्वतःला वाचवायला हक्क मागतो ती एक गोष्ट. आपल्याच माणसाला दाबून ठेवायला मागतो ती दुसरी. पहिल्याला बहुतेकदा हो म्हणावं, दुसऱ्याला नाही. वैनगंगा आणि पाखाडी यांच्या पोस्टी शेजारी ठेवून वाचा, तोच भेद आहे.

आपल्याकडे हे किती अवघड होतं त्याचा नमुना म्हणजे बोहरा खटला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये जातबहिष्काराला बंदी घातली. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू कोर्टात गेले: बहिष्कृत करणं हा धर्माच्या व्यवस्थापनाचा भाग आहे. १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा तो कायदा रद्द केला. एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरोधात राहिले. मशीद बंद, दफनभूमी बंद, म्हणजे माणूस अस्पृश्यच होतो, असा त्यांचा रोख. फेब्रुवारी २०२३ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने हा प्रश्न नऊ जणांच्या पीठाकडे पाठवला. म्हणजे पाखाडींच्या मामाच्या प्रश्नावर देशाचं सर्वोच्च न्यायालय साठ वर्षांनीही विचारच करतंय.

आणि आजोबा, बाबासाहेबांचं अर्धंच सांगितलंत. ज्यांनी व्यक्तीला एकक मानलं त्यांनीच गोलमेज परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मागितले होते. १९३२ च्या पुणे करारात त्याऐवजी १४८ राखीव जागा आल्या. मग ते गटवाले की व्यक्तीवाले? मला वाटतं त्यांना गटाचं प्रेम नव्हतं. ज्या गटात जन्माने कोंबलं गेलं, त्या गटातून माणसाला व्यक्ती म्हणून बाहेर काढायला गटाचाच हक्क वापरावा लागतो, हे त्यांनी ओळखलं होतं. काट्याने काटा.

बिनधास्त_बंड्या · बुधवार, सकाळी ८:३०

आता आलंच आहे तर बोलूया, आरक्षण किती पिढ्या

संपादक · बुधवार, सकाळी ८:४१

बंड्या, त्या विषयाचे सतरा धागे आहेत आणि सतराही कुलूपबंद आहेत. अठरावं कुलूप आणायला लावू नका. बत्तीस बिऱ्हाडांवर बोला.

सातबारा · बुधवार, दुपारी १:१२

पालघर जिल्हा. वारली. शिक्षक आहे. सगळं वाचलं.

आमच्या जमिनीला कलम ३६-अ लागतं, जमीन महसूल संहितेचं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय जात नाही. बहिणीच्या नर्सिंगसाठी पैसे हवे होते तेव्हा बाबांना ती गहाण टाकायची होती. बँकेने कपाळाला आठ्या घातल्या. हायवेला लागून जमीन, बाजूच्या बिगर-आदिवासी शेतकऱ्याने विकून बंगला बांधला, आम्ही चिकूच्या झाडाखाली बसून हिशोब केला. त्या दिवशी मला विचारलं असतंत तर म्हटलं असतं, गटाचा हक्क गेला खड्ड्यात, मला माझा हक्क द्या.

पण हे कलम काढा, असं मी म्हणणार नाही. ते नसतं तर आजोबांच्या काळातच एका पोत्यावर आणि एका अंगठ्यावर ती गेली असती. विकायला माझ्याकडे काही उरलं नसतं. माझ्या हक्काचा थोडा भाग कापून तो गटाला दिलाय. कापलेला दुखतो. तरी ठेवतो.

वैनगंगाताई, एकच सांगतो, राग मानू नका. शहरात आमच्याबद्दल बोलताना 'दुर्बल म्हणून हक्क' असं येतं. वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत ऐतिहासिक अन्याय हा शब्द आहे. जंगल इंग्रजांच्या कायद्याने घेतलं, पुढे आपल्या सरकारने ठेवून घेतलं. घेतलेलं परत देणं म्हणजे दया नाही. काकांच्या इमारतीतून कुणी काय घेतलं होतं?

वैनगंगा · बुधवार, दुपारी १:४०

राग कसला. हे मी आधी म्हणायला हवं होतं.

वेसावची_पोर · बुधवार, दुपारी ३:०३

'आधी कोण' यावर हक्क ठरणार असेल तर ठाणेकर, मुंबईकर, सगळ्यांनी लायनीत या. आम्ही कोळी. परवानगीचे अर्ज सकाळी सात ते नऊ, बंदरावर. सोबत ओळखपत्र आणि बर्फ आणावा.

कोरडा_ठणठणीत · बुधवार, दुपारी ३:०५

बर्फ किती किलो?

वेसावची_पोर · बुधवार, दुपारी ३:०९

मराठी असाल तर दहा. बाहेरचे असाल तरी दहाच. आम्ही भेदभाव करत नाही. 😄

(हसण्यावारी नेलं, पण कोळीवाड्यांच्या हद्दी अजून धड मोजून मिळत नाहीत. 'मूळ रहिवासी' म्हणून सत्कार होतो, नारळी पौर्णिमेला फोटो निघतो आणि जाळी वाळवायच्या जागेवर पार्किंग होतं.)

मॉन्ट्रियलकर · बुधवार, रात्री ११:२०

इकडे क्वेबेकमध्ये १९७७ पासून कायदा आहे, बिल १०१. इथे स्थायिक व्हायला आलेल्यांच्या मुलांनी फ्रेंच शाळेतच जायचं. इंग्रजी शाळा कुणाला? साधारणपणे ज्यांच्या आईबापांपैकी एकाचं प्राथमिक शिक्षण कॅनडात इंग्रजीत झालंय त्यांना. आमचं झालेलं नाही. माझी मुलगी फ्रेंच शाळेत जाते.

पहिल्या वर्षी मी चिडलो होतो. माझ्या मुलीची भाषा ठरवणारे तुम्ही कोण? मग एका फ्रेंच सहकाऱ्याने विचारलं, तुझ्या गावी किती मुलं मराठी शाळेत जातात? मी पुण्याचा. गप्प बसलो. माझा पुतण्या तिकडे इंग्रजी शाळेत आणि मुलगी इथे दुसऱ्या कुणाची भाषा टिकवायला शाळेत.

तरी अजून पटत नाही पूर्ण. उत्तर अमेरिकेच्या इंग्रजीच्या समुद्रात त्यांचं बेट बुडेल ही भीती खरी आहे. पण बेटाला बांध घालायला माझी मुलगी वापरली.

सीमाभाग · गुरुवार, सकाळी १०:१८

बेळगावातून. १९५६ ला आम्ही तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हापासून घरात हाच विषय. जिथे पंधरा टक्क्यांहून जास्त लोक एखादी भाषा बोलतात तिथे सरकारी सूचना, कागद त्या भाषेत मिळावेत, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशभर ठरलेला जुना निकष. आमच्या तीन पिढ्या तो मागतायत. सासऱ्यांनी अर्ज केले, नवऱ्याने केले, मी करते. उत्तर कन्नडमध्ये येतं.

मला कन्नड येतं, उत्तम येतं. शेजारणीशी कन्नडमध्येच बोलते, ती माझ्याकडून आमटीचा मसाला नेते. प्रश्न येण्या-न येण्याचा नाहीच. माझ्या जमिनीच्या उताऱ्यावर काय लिहिलंय ते माझ्या आईला वाचता यावं, एवढाच.

म्हणून ठाण्याच्या मंडळींना विनंती. तुम्ही तुमच्या राज्यात 'फक्त आमचे' अशी अट घालता तेव्हा त्याची कात्रणं इथे आमच्या तोंडावर फेकली जातात. 'बघा तुमचे लोक काय करतात.' आमचा अर्ज आणखी एक वर्ष मागे जातो. मूठभर असताना जे मागतो ते ढीगभर झाल्यावर द्यायची तयारी हवी, नाहीतर आम्ही कोणत्या तोंडाने मागायचं?

आगाऊ_कार्टं · गुरुवार, सकाळी १०:४०

धाग्यातला सगळ्यात भारी प्रतिसाद. +१००

बत्तीसवं_बिऱ्हाड · गुरुवार, रात्री ९:३०

नमस्कार. नवीन सभासद. मीच तो काका. मुग्धाने लिंक पाठवली. टायपिंगला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

चाळीस वर्षं बँकेत काढली. कर्जाच्या अर्जावर आडनाव बघून कधी निर्णय केला नाही. मराठी म्हणून मी काही वेगळा आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी आपला मी होतो. त्या एजंटच्या फोनवर मुलाचा चेहरा पडलेला बघितला आणि त्या दिवशी मी एका गटात गेलो. मी गेलो नाही, मला घातलं. आता घातलंच आहे तर त्या गटाचं संरक्षण मागितलं, तर तुम्ही म्हणता गट वाईट. मास्तर, काट्याने काटा असं तुम्हीच लिहिलंत ना? मग माझा काटा का नाही चालत?

सातबारा यांचा प्रश्न मात्र बरोबर आहे. आमच्या इमारतीतून कुणी काही घेतलं नाही. घेतलं ते दुसऱ्या इमारतीत. त्याची वसुली मी तिसऱ्याच माणसाकडून करायला निघालोय, हे मला कळतं. पण त्या एजंटचं मी काय वाकडं करू शकतो?

तांबडा_पांढरा · गुरुवार, रात्री १०:५२

काका, नमस्कार. तुमचं वाचून बरं वाटलं, कारण तो फोन मला पाठ आहे. माझी कॅसेट जुनी, तुमची नवी, एवढंच.

मी कोल्हापूरचा. आडनाव बागवान. घरात मराठी, शाळा मराठी, शिव्या मराठी, आईच्या ओव्या मराठी. ठाण्यात दोन वर्षांत अकरा घरं बघितली. त्यातल्या सहा इमारती पूर्ण मराठी होत्या. एकीत सेक्रेटरींनी चहा दिला, शाहू महाराजांवर अर्धा तास गप्पा मारल्या, मग आडनाव विचारलं. चहा संपला होता, ते बरं झालं.

वाद घालत नाही. एकच विचारतो. तुमच्या 'मराठी माणूस' या अटीत मी बसतो का?

कोरडा_ठणठणीत · गुरुवार, रात्री ११:०४

पॉपकॉर्न बाजूला ठेवले.

निवृत्त_नोटरी · शुक्रवार, सकाळी ७:२५

बागवान यांनी वर्मावर बोट ठेवलं. गटाला हक्क द्यायचा तर आत कोण हे कुणीतरी ठरवणार. पारशी म्हणजे कोण, हे शेवटी १९०८ मध्ये मुंबई हायकोर्टात दावर आणि बीमन या दोन न्यायमूर्तींना सांगावं लागलं. वाद सुरू झाला तो रतनजी दादाभॉय टाटांच्या फ्रेंच पत्नीवरून, म्हणजे जेआरडींच्या आईवरून. तिने धर्म स्वीकारला, पण पारशी पंचायतीच्या संस्थांवर तिला हक्क आहे का? कोर्ट म्हणालं, नाही. आणि वडील पारशी तर मुलं पारशी, असंही त्यातून रूढ झालं. आई पारशी आणि वडील बाहेरचे, तर मुलं बाहेर. बाहेर लग्न केलेल्या पारशी बायका त्याविरुद्ध अजून कोर्टात जातात.

तिरफळ · शुक्रवार, सकाळी ९:५०

हेच आमच्या कोमुनिदादींचं. गावची जमीन गावकारांची, सामायिक, पोर्तुगीज यायच्या आधीपासूनची पद्धत. ऐकायला मेंढा-लेखाच. पण गावकार म्हणजे मूळ घराण्यांतले पुरुष. वार्षिक वाटा मुलग्याला, मुलीला नाही. चारशे वर्षं त्याच गावात माडी काढणाऱ्या रेंदेराला, कुळाला काही नाही. मी गावकाराची मुलगी. कूडवर प्रेम आहे ते तसंच आहे, पण वडिलांच्या कोमुनिदादीत माझं नाव नाही.

वैनगंगा यांची ती सून पहिल्याच सभेत हात वर करते, ते वाचून हेवा वाटला.

खडूस_आजोबा · शुक्रवार, सकाळी ११:००

मी म्हटलं होतं, पेन्सिल कुणाच्या हातात.

तरी सातबारा यांनी माझी थोडी अडचण केलीय हे कबूल करतो. त्यांच्या आजोबांचा अंगठा एकेका व्यक्तीचाच होता. व्यक्तीचा हक्क तेव्हा कागदावर होताच. विकायचा हक्क म्हणून. तो हक्कच त्यांना खात होता. यावर माझ्याकडे उत्तर नाही. जेवून येतो.

बत्तीसवं_बिऱ्हाड · शुक्रवार, रात्री ८:१५

बागवानसाहेब, माझ्या मते तुम्ही बसता. सभेच्या मते काय ते सभेत विचारतो. उत्तर आवडलं नाही तरी इथे येऊन लिहीन.

मुग्धा_ठाणे · नऊ दिवसांनी, रविवार, रात्री ९:५८

धागा वर काढतेय. सभा झाली. अडीच तास चालली, नाश्त्याचे वडे दोनदा मागवले.

काकांनी उभं राहून पहिला प्रश्न तोच विचारला: अटीतला 'मराठी' म्हणजे कोण? एक जण म्हणाले मातृभाषा. मग दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, माझी तुळू आहे, मी लग्न होऊन आले, मी जाऊ का? एक जण म्हणाले पंधरा वर्षांचा रहिवास. तर कुणीतरी म्हणालं, मग त्या टॉवरमधले सगळेच बसतात. एक जण हळूच म्हणाले, आडनावावरून कळतंच की. काका त्यांना म्हणाले, "कोल्हापूरच्या बागवानांचं कळतं का तुम्हाला?" आणि ते गृहस्थ जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. पण काका खाली बसले, आणि मग बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवट फारसा थोर नाही. बिल्डरचा माणूस म्हणाला, अशी अट घातलीत तर विक्रीचा भाव पडेल आणि तुमचा कॉर्पस (सभासदांना मिळणारी एकरकमी रक्कम) कमी करावा लागेल. अट पाच मिनिटांत गेली. तत्त्वासाठी नाही, कॉर्पससाठी गेली. मला आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

काका मला जिन्यात म्हणाले, "मेंढ्याचा फरक मला पटला, मुग्धा. पण माझ्या मुलाला अजून घर मिळालेलं नाही."

तांबडा_पांढरा · रविवार, रात्री १०:२०

काकांनी सभेत विचारलं, हे मला पुरे. त्यांच्या मुलाला माझा नंबर द्यायला सांगतो संपादकांना. आमच्या इमारतीत एक वन बीएचके रिकामा होतोय. मालक खाण्यापिण्याचं विचारत नाही. पाण्याचं मात्र विचारू नका.

वेसावची_पोर · रविवार, रात्री १०:३१

आणि त्या सभेत खरं महत्त्वाचं काही ठरलं का नाही? नव्या इमारतीत सुकी मासळी वाळवायला जागा आहे का?

मुग्धा_ठाणे · रविवार, रात्री १०:३६

आहे. गच्चीचा पूर्वेचा कोपरा. तुळूवाल्या वहिनींनी ठराव मांडला, वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी आजींनी अनुमोदन दिलं, अट एवढीच की चार वाजायच्या आत उचलायची. एकमताने मंजूर.

वैनगंगा · रविवार, रात्री १०:४०

एकमताने? मेंढ्यात याला तीन सभा लागल्या असत्या.